जैतूनखालाने गिळलेला शब्द

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सीना नदीवर पूल व्हायचा होता आणि आमच्या तांबखळीला येणाऱ्याला आधी धोतर नाहीतर लुंगी गुडघ्यावर घ्यावी लागायची, त्या काळातली. तेव्हा जैतूनखाला, म्हणजे जैतूनमावशी, इथं राहत होती. मी तिला पाहिलेलं नाही, माझ्या आज्यानेही पाहिलेलं नव्हतं. पण तिची गोष्ट ज्याने त्याने पुढच्याला सांगितली आणि सांगताना मान जराशी खाली घातली. ती तशीच माझ्यापर्यंत आली. तुम्हीही सावकाश ऐका, घाई नको.

आमच्या मुसलमानांत माणूस मेलं की त्याला मातीत द्यायच्या आधी आंघोळ घालतात. त्याला गुसल म्हणतात. बाईला बायकांनीच घालायची. पाणी बोरीचा पाला टाकून गरम करायचं, शेवटच्या पाण्यात कापूर घालायचा. अंगावरची चादर काढायची नाही, चादरीखालून हात फिरवायचा, आणि हातालाही फडकं गुंडाळायचं. म्हणजे मेलेल्या माणसाचीसुद्धा लाज राहते. जैतूनखाला हे काम करायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून गावात कुणाच्याही घरी बाई गेली की लोक हिलाच बोलवायचे. ती तिचा तोटीचा तांब्या, ज्याला आम्ही बदना म्हणतो, तो घेऊन यायची आणि कामाचं काही घ्यायची नाही.

तिचा हात हलका होता. असं म्हणतात, की तिच्या हातचं पाणी पडलं की आखडलेली बोटं सुटायची आणि उघडे राहिलेले डोळे आपोआप मिटायचे. थंडीच्या दिवसातसुद्धा तिच्या बदन्यातलं पाणी शेवटच्या धारेपर्यंत कोमट राहायचं.

बोरीचा पाला तिला सगुणा माळीण आणून द्यायची. सगुणा तिची शेजारीण, आणि बोर सगुणाच्या मळ्याच्या बांधावर होती. सगुणा हसून म्हणायची, "पाला माझा, काटे माझ्या हाताला, आणि नाव तेवढं तुझं." मग दोघी ओट्यावर बसून चहा प्यायच्या.

आता या कामाचा एक नियम आहे. आंघोळ घालणारीला चांगलं काही दिसलं, चेहऱ्यावर नूर, म्हणजे अल्लाचा उजेड दिसला, ओठावर हसू दिसलं, तर ते घरच्यांना सांगावं. वाईट काही दिसलं तर ते पाण्याबरोबर सोडून द्यावं आणि मरेपर्यंत तोंडातून काढू नये. मेलेल्याचं जो झाकतो त्याचं अल्ला झाकतो, असं जाणती माणसं सांगतात. नियम चांगला आहे, त्यात खोट नाही. खोट आमच्यात निघाली. ती कशी ते सांगतो.

एकदा एक पोर बाळंतपणात गेली. तिची आई अंगणात डोकं आपटून घेत होती, कुणाला आवरेना. जैतूनखाला आतून आली आणि म्हणाली, "बहेन, तुझ्या लेकीचा चेहरा कसा होता सांगू? पाळण्याची दोरी हातात धरून पेंगावी तसा होता." एवढं ऐकलं आणि त्या आईचं रडणं हळूहळू उतरलं. तिने उठून तोंड धुतलं. तेव्हापासून गावात रीत पडली. गुसल झालं की बायका अंगणात थांबायच्या आणि जैतूनखालाच्या शब्दाची वाट बघायच्या.

पुढं पुढं लोकांना त्या शब्दाची चटक लागली. सोयरीक जुळवताना सांगायला लागले, की मुलीच्या आजीच्या चेहऱ्यावर जैतूनखालाने नूर सांगितला होता. नदीवर धुणं धुताना भांडण लागलं की एक म्हणायची, माझ्या सासूच्या तोंडावर नूर होता. दुसरीला खाली बघावं लागायचं, कारण तिच्या सासूला नुसतं हसू मिळालं होतं. पुरुषांना आंघोळ घालणारे म्हातारबाबा फार बोलायचे नाहीत, म्हणून पुरुष सुटले.

आणि जैतूनखालालाही ते गोड लागायला लागलं. ती बाहेर आली की अंगण चिडीचूप व्हायचं. ती पदर सारखा करायची, थोडी थांबायची, मग बोलायची. ते थोडं थांबणं आधी नव्हतं.

गावात दस्तगीर पिंजारी होता. गाद्या भरायचा, कापूस पिंजायचा. त्याची बायको मलनबी. कष्टाळू बाई, पाचही वेळची नमाज न चुकता पढायची, पण जीभ अशी की समोरच्याला ओरखडा आल्याशिवाय राहायचा नाही. तोंडावर बोलायची, पाठीमागं मात्र कधी बोलायची नाही. एका घरी मयत झाली होती, जैतूनखाला बाहेर येऊन पदर सारखा करत थांबली होती आणि सगळ्या बायका मान वर करून तिच्याकडं बघत होत्या. तेव्हा मलनबी सगळ्यांच्या देखत म्हणाली, "खाला, पाणी घालायचं काम तुझं. निवाडा करणारा वर बसलाय. त्याचं काम तू कशाला करतेस?"

कुणीतरी मागून खुदकन हसलं. त्या हसण्याने जैतूनखालाच्या काळजात घर केलं. त्या दिवसापासून तिने मलनबीशी बोलणं टाकलं. मलनबी येताजाता सलाम करायची, पण जैतूनखाला चुलीकडं बघायची. सलाम आला की तो परत द्यावाच लागतो, मग वैरी का असेना. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही.

मलनबीला एकच लेक होती, जुलेखा. तिची मंगनी नदीपलीकडच्या अत्ताराच्या घरी झाली होती आणि ईद झाली की निकाह ठरला होता. ईदच्या आधीच मलनबीला हिवताप आला. भर दुपारी, पिंजलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी ती गेली. दस्तगीरने जैतूनखालाला बोलावणं पाठवलं. तिला नाही म्हणता येत नव्हतं. ती बदना घेऊन आली.

दोघी जणी चादर धरून उभ्या राहिल्या, रीतीप्रमाणं तोंड फिरवून. जैतूनखालाने चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं आणि तिचा हात थांबला. मलनबीचा चेहरा लहान पोरीसारखा झाला होता. कपाळावर, सजद्यात जिथं जमीन लागते तिथं, चांदीचा वर्ख लावल्यासारखं चमकत होतं. कापराची पुडी अजून उघडली नव्हती आणि खोलीत सुवास सुटला होता. इतका नूर जैतूनखालाने साऱ्या आयुष्यात पाहिला नव्हता, असं म्हणतात.

ती बाहेर आली. अंगण चिडीचूप झालं. खांबाला टेकून जुलेखा उभी होती, तिच्याकडं बघत. शब्द जैतूनखालाच्या घशापर्यंत आला. आणि त्याच वेळेला तिला ते हसणं आठवलं.

जैतूनखालाने तो शब्द गिळला.

पदर सारखा केला आणि खाली बघत निघून गेली. वाटेत ती स्वतःला सांगत होती, की मी खोटं काही बोलले नाही, वाईट तर मुळीच बोलले नाही. जिला फक्त पाणी पाहिजे होतं तिला मी पाणी घातलं.

पण गावाला नियम पाठ होता. चांगलं असलं तर खाला सांगते, वाईट असलं तर झाकते. ती गप्प राहिली, म्हणजे तिने झाकलं. एवढंच पुरलं. कुणी म्हणालं चेहरा काळा पडला होता. कुणी म्हणालं पाणी अंगाला लागतच नव्हतं. चादर धरणाऱ्या दोघी म्हणाल्या, आमची तोंडं फिरवलेली होती बाई, पण खोलीत कसंतरीच वाटत होतं. ज्यांनी काही पाहिलं नव्हतं त्यांनी सगळ्यात जास्त सांगितलं. दिवस मावळायच्या आत ते बोलणं नदी ओलांडून गेलं.

अत्ताराकडून मंगनीची ओढणी परत आली. दस्तगीरच्या पिंजायच्या कमानीचा आवाज गावात सकाळपासून घुमायचा, तो बंद पडला. त्या घरच्या गादीवर झोप कशी लागणार, असं म्हणून लोक कापूस परगावी पाठवायला लागले. जुलेखा पाण्याला गेली की घाटावरच्या बायका घागर अर्धी असतानाच उचलायच्या.

असं म्हणतात, की त्या दिवसापासून जैतूनखालाच्या घशात बोराच्या बीसारखं काहीतरी अडकलं. पाणी प्यालं तरी खाली जाईना, खोकलं तरी वर येईना. दुवा मागायला ती हात वर करायची आणि हात तसेच रिकामे खाली यायचे. एकदा सगुणाला बरं नव्हतं म्हणून ती स्वतः पाला तोडायला गेली, तर बोरीचे काटे वळून वळून तिच्या हाताकडं आले आणि एकही बोट सुटलं नाही. सगुणाने पाहिलं आणि विचारलं, "काय केलंस गं तू?" जैतूनखालाने हात पदराखाली घेतला.

मग एक दिवस जुलेखाच तिच्या दारात आली. ओरडायला आली नव्हती. उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, "खाला, तुम्हाला काय दिसलं ते मला सांगा. मी लेक आहे तिची. मला सोसेल. रोज नवं काहीतरी ऐकते, त्यापेक्षा खरं ऐकू दे."

जैतूनखाला तिच्यापुढं जमिनीवर बसली. "बेटा, वाईट काही नव्हतं," ती म्हणाली. "नूर होता. मी असा नूर कधी पाहिला नाही. तुझी आई मला एकदा बोलली होती, त्याचा राग धरला मी. सांगितलं नाही. शरम माझी आहे, तिची नाही."

जुलेखाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने जैतूनखालाचा काट्यांनी फुटलेला हात उचलला, डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "तुम्ही झाकताय. स्वतःवर घेऊन झाकताय. माझ्या आईसाठी एवढं केलंत, अल्ला तुमचं भलं करो." आणि उठून गेली.

शिव्या दिल्या असत्या तर जैतूनखालाला बरं वाटलं असतं.

तिने डोक्यावरून चादर घेतली आणि घाटावर गेली. तिथल्या बायकांना सगळं सांगितलं. बायका माना हलवत म्हणाल्या, केवढं मन बघा खालाचं. ती गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडून अत्ताराच्या घरी गेली. अत्ताराच्या बायकोने तिला पाटावर बसवलं, सरबत दिलं आणि म्हणाली, तुमच्यासारखं झाकणारी दुसरी होणार नाही. जिथं जिथं ती आपला दोष सांगायला गेली, तिथं तिची इज्जत वाढली आणि मलनबीची उतरली. तिला आता कळलं. तिच्या शब्दाला गावाने इतकं वजन दिलं होतं, की तो उचलून परत घ्यायची ताकद तिच्यातही राहिली नव्हती.

त्यानंतर अमीनाबी हाजन गेल्या. मशिदीचं काम बघणारे मुतवल्ली बाबालाल, त्यांची ही आई. जहाजाने हजला जाऊन आलेली गावातली पहिली बाई. कुणाच्या दारात भूक दिसली की हिच्या घरून पातेलं निघायचं. हजहून येताना जमजमचं पाणी आणलं होतं, त्यातलं पहिलं तिने जैतूनखालाला पाजलं होतं. अंगणात मुंगीला जागा नव्हती. मुसलमानांच्या बायका होत्या, माळ्याच्या होत्या, कुंभाराच्या होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं, आज नूर ऐकायला मिळणार.

जैतूनखाला बाहेर आली. पदर सारखा केला नाही. थांबली नाही. बदना उंबऱ्यावर पालथा घातला आणि म्हणाली, "पाणी घातलं."

सगळे वाट बघत राहिले. ती पुढं काही बोलेना. बाबालाल पुरुषांतून पुढं आले. म्हणाले, "खाला, माझी आई आहे ती. तुमची मैत्रीण होती. तुम्ही तिला पिंजाऱ्याच्या मलनबीच्या रांगेत बसवताय?"

"तिच्याच रांगेत आहे," जैतूनखाला म्हणाली. "दोघींनाही मीच पाणी घातलं. पुढचं ज्याचं त्याला ठाऊक."

लोक चिडले. कुणी म्हणालं म्हातारीचं डोकं फिरलं. तिच्या अंगावर कुणी हात टाकला नाही, पण चहाचा पेलाही दिला नाही. ती बदना उचलून एकटी घरी गेली. असं म्हणतात, की अमीनाबींच्या कपाळावरचा उजेड कफनातूनसुद्धा तिला दिसत होता, आणि तरी ती बोलली नाही. एक शब्द तिने रागाने गिळला होता. दुसरा गिळताना तिच्या जीवाचं काय झालं असेल, ते तिचं तिलाच माहीत.

आता गावाची पंचाईत झाली. अमीनाबींबद्दल वाईट बोलायला कुणाची जीभ रेटेना, आणि नियमाने बघितलं तर बोलायला पाहिजे होतं. बाबालाल शुक्रवारच्या नमाजेनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर उभे राहिले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, खाला गप्प राहिली म्हणून काही वाईट ठरत नाही. गप्प राहणं म्हणजे गप्प राहणं. माणसाला आतलं काय कळतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बरोबर आहे, बरोबर आहे, म्हणाले.

सगुणा माळीण डोक्यावर भाजीची पाटी घेऊन तिथून चालली होती. ती थांबली. पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "मुतवल्लीसाहेब, हे तुमच्या आईला लागू आहे, का मलनबीलाही?"

असं म्हणतात, की त्या वेळी पायऱ्यांवर एवढी माणसं होती, पण एकाचीही मान वर राहिली नाही. पारव्यांचं घुमणं तेवढं ऐकू येत होतं. आणि लांब कडेला, आपल्या चपला हातात धरून दस्तगीर पिंजारी उभा होता. तो रोज यायचा, सगळ्यात मागं उभा राहायचा, आणि इतके दिवस त्याच्या शेजारी कुणी उभं राहिलं नव्हतं, हे त्या घडीला सगळ्यांच्या ध्यानात आलं.

बाबालाल उतरले. दस्तगीरच्या समोर जाऊन उभे राहिले. त्यांनी त्याच्या हातातल्या चपला घेतल्या आणि खाली वाकून त्याच्या पायाशी ठेवल्या. दस्तगीर म्हणाला, "गादी भरायची असेल तर कापूस पाठवा." एवढंच म्हणाला.

कमान पुन्हा वाजायला लागली. पण मोडलेलं सगळंच काही जुळत नाही. अत्ताराच्या मुलाचा निकाह दुसरीकडं होऊन गेला होता. जुलेखाचं पुढं लांबच्या एका मणियाराशी झालं. तो बांगड्यांची पेटी घेऊन इथंच राहिला आणि जन्मभर घरजावई म्हणून गावाची थट्टा ऐकत हसत राहिला. जुलेखाने जैतूनखालाकडून आंघोळीचं काम शिकून घेतलं. त्या दोघी पुन्हा त्या दिवसाबद्दल बोलल्या का, ते कुणाला माहीत नाही. एवढं म्हणतात, की जुलेखा आली की आधी सलाम जैतूनखाला करायची.

जैतूनखाला गेली तेव्हा तिला जुलेखाने आंघोळ घातली. पाला सगुणाच्या लेकीने आणला. अंगणात सगळं गाव होतं. जुलेखा बाहेर आली, बदना उंबऱ्यावर पालथा घातला, आणि म्हणाली, "पाणी घातलं." कुणी काही विचारलं नाही.

कब्रस्तानच्या भिंतीलगत जैतूनखालाला माती दिली. पुढच्या पावसाळ्यात तिच्या उशाशी बोरीचं रोप वर आलं. लोक म्हणाले, घशातलं ते बी रुजलं. असं म्हणतात. खरंखोटं अल्लाला ठाऊक. पण ते झाड मी लहानपणापासून बघतोय आणि त्याला काटा नाही. चढा, उतरा, पाला ओरबाडा, हाताला काही लागत नाही. जन्नतमध्ये बिनकाट्यांच्या बोरी आहेत, असं मौलवीसाहेब सांगतात. आमच्याकडं एक आहे. बोरं जराशी आंबट लागतात.

अजूनही शबे-बरातच्या, म्हणजे गेलेल्यांची आठवण काढायच्या सणाच्या दुपारी गावातल्या बायका तांब्या घेऊन येतात. झाडाची मुळं भिंतीखालून रस्त्याकडं आली आहेत. बाहेर उभं राहूनच त्यांवर पाणी ओततात, माळ्याच्याही ओततात, कुंभाराच्याही. "पाणी घातलं" म्हणतात आणि जातात. नवस बोलायचा नाही, काही मागायचं नाही. घाटावर एखादी दुसरीचं उणंदुणं काढायला लागली, तर तिसरी नुसतं म्हणते, बाई, पाणी घाल तू. मग ती गप्प होते.

आणि कुणाच्याही घरी मयत झाली, आंघोळ घालणारी बाहेर यायची वेळ झाली, की आमच्याकडं अंगणातली सगळी माणसं जमिनीकडं बघतात. तिच्या तोंडाकडं कुणी बघत नाही, म्हणजे तिला काही झाकावं लागत नाही. परगावच्या पाहुण्याला वाटतं, दुःखाने माना खाली गेल्या. दुःख असतंच. पण तांबखळीत ती मान मलनबीसाठी खाली जाते. लहान पोरांना आम्ही काही शिकवत नाही. ती मोठ्यांकडं बघतात आणि आपली आपण खाली बघतात.